मेंटर मिळाली, पण नाव कोण सुचवणार?

गेल्या महिन्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॅकॅथॉनला परीक्षक म्हणून गेले होते. विषय होता, तंत्रक्षेत्रातल्या स्त्रियांसाठी काहीतरी बनवा. विषय इतका मोघम असला की उत्तरं सारखीच येतात. तसंच झालं. नऊ टीम होत्या, त्यातल्या चार टीमनी जवळजवळ एकच ॲप दाखवलं. मुलीने प्रोफाइल भरायचं, कौशल्यं निवडायची, मग समोर एकेका सीनियर स्त्रीचा फोटो येतो. आवडली तर उजवीकडे सरकवा, नाही तर डावीकडे. दोघींनी ‘हो’ म्हटलं की चॅट सुरू. महिन्यात चार वेळा बोललात की एक बॅज. एका टीमने तर स्पष्टच सांगितलं, “मॅडम, हे टिंडरसारखं आहे, पण मेंटरिंगसाठी.”

मुलींनी छत्तीस तास जागून बनवलं होतं, चालत होतं, दिसायला देखणं होतं. मी चांगले मार्क दिले. पण परतीच्या एसटीत बसले आणि अस्वस्थ वाटायला लागलं, कारण हेच ॲप मी स्वतः बनवायला निघाले होते! पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी जो प्रस्ताव लिहिला, त्यात हेच स्क्रीन होते. फक्त सरकवण्याच्या जागी बटण होतं. माझ्या गाइड मॅडमनी तो वाचला आणि एकच प्रश्न विचारला, “ज्याच्याकडे काही देण्यासारखं आहे, त्याचं या ॲपमध्ये नेमकं काय जातंय?”

मला तेव्हा उत्तर आलं नाही. आज हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. मेंटरिंग आणि नेटवर्किंगची ॲप्स कुठे चुकतात, संशोधन काय सांगतं, आणि चुकायचं नसेल तर काय करता येईल, हे जमेल तेवढ्या सोप्या भाषेत सांगते.

आधी माझीच गोष्ट

पीएचडीला येण्याआधी मी पुण्यात हिंजवडीला एका कंपनीत नोकरी करत होते. कंपनीत स्त्रियांसाठी मेंटरिंगची योजना होती, तिचं ॲपही होतं. मला मेंटर मिळाल्या त्या खरोखर चांगल्या बाई. दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी अर्धा तास न चुकता द्यायच्या. मीटिंगमध्ये मध्येच कुणी तोडलं तर काय करायचं, अप्रेझलला काय लिहून न्यायचं, सगळं सांगायच्या. मी ॲपमध्ये त्यांना प्रत्येक वेळी पाच तारे दिले.

त्याच वर्षी आमच्या प्रोजेक्टमधून एकाला सहा महिन्यांसाठी क्लायंटकडे परदेशी पाठवायचं होतं. मॉड्यूल मी लिहिलं होतं. गेला माझ्या शेजारच्या डेस्कवरचा मुलगा. मुलगा हुशार, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण ते ठरलं कसं? सकाळी अकराच्या चहाला, गेटबाहेरच्या टपरीवर. मॅनेजर म्हणाले, कुणाला पाठवू या रे? कुणीतरी त्याचं नाव घेतलं. माझं नाव घेणारं तिथे कुणी नव्हतं. माझ्या मेंटर बाईंना ही गोष्ट कळली ती माझ्याकडूनच, पुढच्या गुरुवारी. त्यांचा विभागच वेगळा होता. त्यांनी मला छान समजावलं, आणि मी पुन्हा पाच तारे दिले.

बघा, ॲपच्या हिशोबात ही जोडी शंभर टक्के यशस्वी होती.

सल्ला वेगळा, शिफारस वेगळी

मेंटरिंगवरच्या संशोधनात कॅथी क्रॅम हे नाव पहिल्यांदा येतं. १९८५च्या ‘मेंटरिंग ॲट वर्क’ या पुस्तकात त्यांनी मेंटरच्या कामाचे दोन भाग केले. एक मानसिक आधाराचा. ऐकून घेणं, धीर देणं, आदर्श म्हणून समोर असणं. दुसरा करिअरचा. त्यात शिकवणं आहे, पण त्याशिवाय आणखी काही गोष्टी आहेत, ज्या ॲपवाले सहसा वाचत नाहीत. महत्त्वाच्या लोकांसमोर आणणं, कठीण आणि नजरेत भरणारं काम मिळवून देणं, चूक झाली तर पाठीशी उभं राहणं, बढतीच्या वेळी नाव सुचवणं.

आता यातलं चॅटमधून काय होऊ शकतं? पहिला भाग बराचसा होतो. दुसऱ्या भागातलं शिकवणं होतं. बाकीचं होत नाही, कारण ते दोघींच्या बोलण्यात घडतच नाही. ते घडतं तिसऱ्याच खोलीत, जिथे तुम्ही नसता.

यालाच इंग्रजीतल्या संशोधनात स्पॉन्सरशिप म्हणतात. २०१० साली हार्मिनिया इबारा आणि त्यांच्या दोन सहलेखिकांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये एक गाजलेला लेख लिहिला. त्याचं सार असं, की मोठ्या कंपन्यांतल्या होतकरू स्त्रियांना मेंटर कमी नाहीत, उलट भरपूर आहेत. पुरुषांना मिळालेल्या मेंटरिंगचं रूपांतर बढतीत होतं, स्त्रियांच्या बाबतीत ते तसं होत नाही. फरक कुठे पडतो? पुरुषांचे मेंटर अधिक वरच्या जागेवर असतात आणि ते नाव पुढे करतात. स्त्रियांचे मेंटर समजावून सांगतात.

इथे तुमच्यापैकी कुणीतरी नक्की म्हणेल, अहो, पण हा तर वशिला झाला! हा प्रश्न मलाही खूप दिवस छळत होता. पण वशिला आपण कशाला म्हणतो? लायकी नसताना चिठ्ठी देऊन कुणाला आत घुसवलं तर. इथे लायकी आहे, काम केलेलं आहे, फक्त ते माहीत असलेला माणूस खोलीत नाही. आणि दुसरं म्हणजे, शिफारस ही नवी गोष्ट आपण आणत नाही आहोत. ती टपरीवर रोज चालूच आहे. तिचा फायदा ज्यांना मिळतो त्यांना तो फायदा वाटत नाही, एवढंच.

मग बाईला बाईच मेंटर हवी का?

सगळी ॲप्स हे गृहीत धरून चालतात. उत्तर मात्र हो आणि नाही असं दोन्ही आहे, आणि ते कोणत्या टप्प्यावर तुम्ही आहात त्यावर ठरतं.

‘हो’च्या बाजूने एक सुंदर प्रयोग आहे. तारा डेनेही आणि नीलांजना दासगुप्ता यांनी तो २०१७ साली प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या १५० मुलींचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. काहींना वरच्या वर्गातली मुलगी मेंटर, काहींना वरच्या वर्गातला मुलगा, काहींना कुणीच नाही. मेंटरिंग एकच वर्ष चाललं. मुलगा मेंटर असलेल्या आणि मेंटरच नसलेल्या मुलींची ‘मी इथली आहे’ ही भावना आणि आत्मविश्वास वर्षभरात खाली गेला. मुलगी मेंटर असलेल्यांचा टिकला, आणि इंजिनिअरिंग सोडण्याचं प्रमाणही त्यांच्यात कमी राहिलं. यात गंमत अशी की हा परिणाम मार्कांमुळे झाला नाही. मुलींना विषय येत होताच. प्रश्न ‘ही जागा माझी आहे का’ एवढाच होता.

पण यातली प्रत्येक अट नीट बघा. पहिलं वर्ष. त्याच कॉलेजातली, थोडीशीच पुढे असलेली मुलगी. समोरासमोर भेट. आता ॲप काय करतं? तिसऱ्याच शहरातल्या, वीस वर्षं पुढे असलेल्या उपाध्यक्ष बाईंशी जोडी लावून देतं. आणि वर म्हणतं, संशोधनाने सिद्ध झालंय!

‘नाही’च्या बाजूने पुन्हा इबाराच. १९९२ साली त्यांनी एका जाहिरात कंपनीतल्या लोकांची जाळी अभ्यासली. पुरुषांना आधारही पुरुषांकडून आणि कामाची मदतही पुरुषांकडूनच मिळत होती. स्त्रिया मात्र आधारासाठी स्त्रियांकडे आणि कामाच्या गोष्टींसाठी पुरुषांकडे जात होत्या. स्त्रियांना दोन जाळी सांभाळावी लागतात, पुरुषांना एकात भागतं. कारण सरळ आहे. सत्ता ज्यांच्या हातात आहे, ते बहुतेक पुरुष आहेत. फक्त स्त्रियांचं ॲप काढलंत तर पहिलं जाळं घट्ट होईल, दुसरं जिथल्या तिथे राहील.

शिवाय साधा हिशोब करा. समजा एका कंपनीत ३०० ज्युनियर इंजिनिअर मुली आहेत आणि वरच्या जागेवर १२ स्त्रिया. प्रत्येकीच्या वाट्याला २५ मुली येतील. महिन्याला अर्धा तास म्हटलं तरी साडेबारा तास, म्हणजे दीड दिवसाच्या वर. हे काम त्यांच्या अप्रेझलमध्ये कुठे धरलं जात नाही. तेवढ्याच वेळात त्यांच्या बरोबरीचा पुरुष स्वतःचं प्रेझेंटेशन तयार करतो. म्हणजे धाकट्या मुलींना वर आणण्यासाठी आपण वरच्या बायकांना मागे खेचतोय. गाइड मॅडमच्या प्रश्नाचं हे अर्धं उत्तर आहे. ॲपमध्ये जातं ते ज्यांच्याकडे आधीच कमी आहे त्यांचं. ज्यांच्याकडे खूप आहे, त्यांना ॲप उघडावंही लागत नाही.

फॉर्म काय विचारतो?

शॉवेन बार्डझेल यांनी २०१० साली स्त्रीवादी दृष्टीतून डिझाइनकडे कसं बघावं याचे सहा निकष मांडले. त्यातला मला सगळ्यात उपयोगी वाटलेला निकष असा, की सॉफ्टवेअरने आपण वापरणाऱ्याला कोण समजतो ते उघड करावं. या निकषावर हॅकॅथॉनमधला एक फॉर्म तपासू. प्रश्न होता, ‘तुम्हाला कशात सुधारणा हवी आहे?’ आणि पर्याय होते आत्मविश्वास, संवादकौशल्य, वेळेचं नियोजन, काम आणि घर यांचा समतोल.

फॉर्मने उत्तर आधीच देऊन टाकलंय की दुरुस्त व्हायचंय ते बाईने. ‘माझ्या कामाचं श्रेय दुसऱ्याला गेलं’ असा पर्याय नाही. ‘बाळंतपणाच्या रजेवरून आले तर माझा प्रोजेक्ट गेला होता’ असा नाही. ‘मला पगार किती मागायचा तेच माहीत नाही, कारण कुणी सांगत नाही’ हाही नाही. माझ्या प्रस्तावातल्या फॉर्ममध्येही नव्हता, हे कबूल करते.

दुसरं गृहीतक फोनचं. नित्या सांबासिवन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या स्त्रिया फोनवरची खासगी गोष्ट कशी जपतात ते मांडलं. घरात फोन मागितला की द्यावाच लागतो, नवरा, सासू, मुलं कुणीही तो हातात घेतं. म्हणून बायका ॲपला कुलूप लावतात, एखादाच मेसेज पुसतात, कधी सगळंच पुसून टाकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्के निघाल्या. तुम्ही म्हणाल, इंजिनिअर मुलींना हे कुठे लागू? आयटीतल्या मुलींना कमी असेल. पण ‘टेक्निकल करिअर’ म्हणजे फक्त आयटी का? चाकणला क्वालिटीच्या लाइनवर उभी असलेली डिप्लोमावाली, आयटीआय करून वायरिंग करणारी, या पण टेक्निकलच. कित्येक कारखान्यांत शॉप फ्लोअरवर फोन नेताच येत नाही. ती घरी पोचते तेव्हा रात्री साडेनऊला ‘तुमची मेंटर वाट पाहतेय’ असं नोटिफिकेशन वाजतं, तेही सगळ्यांसमोर. कोण ग ही? हा प्रश्न मग ॲपला नाही, तिला विचारला जातो.

ॲप नव्हतं तेव्हा

आता एक जुनी गोष्ट. मला ती या सगळ्या वादाचं उत्तर वाटते.

ए. ललिता या भारतातल्या पहिल्या स्त्री इंजिनिअरांपैकी एक. लहान वयात लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, कडेवर तान्ही मुलगी. वडील पप्पू सुब्बाराव मद्रासच्या गिंडी इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांनी प्राचार्यांकडे शब्द टाकला आणि १९४० मध्ये ललितांना प्रवेश मिळाला, इलेक्ट्रिकलला. सगळ्या कॉलेजात एकटी मुलगी. हॉस्टेलवर एकटेपणा असह्य व्हायला लागला. तेव्हा वडिलांनी काय केलं? तिला धीराने घे म्हणून सांगितलं असेलच. पण त्याहून पुढे जाऊन त्यांनी कॉलेजला मुलींसाठी प्रवेशाची जाहिरात द्यायला लावलं. त्यातून पी. के. थ्रेशिया आणि लीलम्मा जॉर्ज या दोघी सिव्हिलला आल्या. तिघींच्या पदव्या १९४३च्या. प्रमाणपत्रावर पुल्लिंगी सर्वनामच छापलेलं होतं, ते खोडून हाताने स्त्रीलिंगी करावं लागलं! म्हणजे फॉर्ममध्ये बाईला जागा नसण्याचा प्रकार तेव्हापासूनचा. पुढे थ्रेशिया केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या, आणि ललिता १९६४ साली न्यूयॉर्कला भरलेल्या स्त्री अभियंता आणि शास्त्रज्ञांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला गेल्या.

यात तीन गोष्टी घडल्या आणि त्या याच क्रमाने घडल्या. ज्याचा शब्द चालतो अशा माणसाने शब्द टाकला. मग नियम बदलला. मग सोबतिणी आल्या. आपली ॲप्स तिसऱ्यापासून सुरू होतात आणि तिथेच संपतात. आणि हेही विसरू नका, की प्रत्येकीचे वडील प्राध्यापक नसतात. ज्यांचे नसतात त्यांच्यासाठीच तर काही बनवायचंय.

साधी साधनं, पक्के नियम

तंत्रज्ञानाने काहीच होत नाही असं मात्र माझं म्हणणं नाही. १९८७ साली अनिता बोर्ग यांनी ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या एका परिषदेत भेटलेल्या मोजक्या स्त्रियांना घेऊन ‘सिस्टर्स’ नावाची ईमेल यादी सुरू केली. फोटो नाही, बॅज नाही, नुसता मजकूर. पण नियम पक्के होते. सदस्य फक्त याच क्षेत्रातल्या स्त्रिया, आणि इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. या विश्वासातून ताकदही आली. १९९२ साली गणित अवघड असतं असं बोलणारी बार्बी बाहुली बाजारात आली, तेव्हा तिच्याविरुद्ध उठलेल्या आवाजांत ‘सिस्टर्स’ पुढे होत्या आणि कंपनीला ते वाक्य काढावं लागलं. १९९७ साली कॅरल मुलर यांनी सुरू केलेलं ‘मेंटरनेट’ही ईमेलवरच चालायचं. तिथे जोडी लावून सोडून देत नसत. दोघींना पुढे काय बोलावं याच्या सूचना अधूनमधून पाठवल्या जात.

ओळखीचं जाळं कामाला येतं याचाही पुरावा आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ सालीच लिहिलं होतं की नोकरीची बातमी जिवलग मित्रांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते, कारण जिवलगांना माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. २०२२ साली लिंक्डइनच्या २ कोटींहून अधिक लोकांवरच्या प्रयोगांतून हे बऱ्याच अंशी खरं ठरलं. सगळ्यात उपयोगी ठरल्या त्या ना अगदी जवळच्या, ना अगदीच परक्या, अशा मधल्या ओळखी. स्वाइप करून एकच जिवाभावाची मेंटर शोधायची, हे तर याच्या अगदी उलट झालं!

मग मी काय बनवतेय?

माझी आई आणि तिच्या मैत्रिणी गेली कित्येक वर्षं भिशी चालवतात. बारा जणी, दर महिन्याला ठरलेले पैसे, आणि दर महिन्याला एकीचा नंबर. कुणी कुणाची मेंटर नाही. पण भिशीत तीन गोष्टी आहेत ज्या एकाही ॲपमध्ये मला दिसल्या नाहीत. प्रत्येकीला द्यावं लागतं. प्रत्येकीचा नंबर लागतोच लागतो. आणि कुणी काय दिलं ते वहीत लिहिलेलं असतं.

माझा नवा आराखडा या वहीवर उभा आहे. एकास एक जोडीऐवजी आठ-दहा जणींचा गट, काही बरोबरीच्या, काही चार पावलं पुढे. दर महिन्याला एकीचा नंबर. त्या महिन्यात तिला सल्ला नाही, एक ठोस गोष्ट हवी. अमक्या कमिटीत नाव, तमक्या माणसाशी ओळख, परिषदेत बोलायची जागा, पगाराचा खरा आकडा. गटाने ती मिळवून द्यायचा प्रयत्न करायचा. गटाबाहेर एक यादी राहील, वरच्या जागेवरच्या माणसांची, त्यात पुरुष हवेतच. त्यांना ‘मेंटर व्हा’ म्हणायचं नाही. एवढंच विचारायचं, हे नाव तुम्ही अमुक बैठकीत घ्याल का? हो की नाही? आणि घेतलंत का? याचं उत्तर वहीत लिहिलं जाईल. वेळ देणाऱ्या स्त्रियांचे तासही त्याच वहीत, अप्रेझलला जोडता येतील असे. भाषा मराठी, बोलून पाठवायची सोय, आणि नोटिफिकेशनवर कुणाचं नाव नाही.

यातही धोके आहेत, मला दिसतात. ठोस मागणं हे गप्पा मारण्यापेक्षा अवघड. वही कंपनीच्या हाती पडली तर एखादीला महागात पडेल, म्हणून ती गटाकडेच राहायला हवी. पण तास अप्रेझलला जोडायचे तर काहीतरी कंपनीला दाखवावंच लागणार! ही गाठ मला अजून सुटलेली नाही. आणि मुख्य म्हणजे टपरीवरच्या त्या चहाला कुठलंच ॲप जाऊ शकत नाही. तिथे माणूसच लागतो.

म्हणून ॲप होईल तेव्हा होईल, तुम्हाला आज करता येण्यासारखं एक सांगते. तुमच्या हाताखाली किंवा शेजारी चांगलं काम करणारी एखादी मुलगी असेल. तिला सल्ला द्यायच्या आधी आठवून बघा, ती नसलेल्या खोलीत तुम्ही तिचं नाव शेवटचं कधी घेतलं होतं? आठवत नसेल तर उद्या सकाळी अकराला चहा आहेच.